सेकंदाला शंभर ठोके

मी एक जुनी छत्री आहे. मित्रांनो, पावसात डोक्यावर धरतात ती नव्हे. गच्चीवर आभाळाकडे तोंड करून उभी असते ती, आठ फूट रुंदीची, अॅल्युमिनियमच्या जाळीची केबलवाल्यांची छत्री. आता असल्या छत्र्या फारशा उरल्या नाहीत. माझं वय अठ्ठावीस वर्षं. माझ्या जाळीला चार ठिकाणी ठिगळं आहेत, एक पाकळी आत दबली आहे, आणि वारा वाढला की अजूनही माझे बोल्ट कुरकुरायला लागतात. खरं सांगायचं तर मी पहिल्यापासूनच घाबरट आहे. उंचावर एकट्याने उभं राहणाऱ्याला सतत पडण्याची भीती असते.

जळगावच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये माझा जन्म झाला. आठ पाकळ्या कापल्या, त्यांना जाळी ठोकली आणि टेम्पोत टाकून मला नशिराबादला आणलं. रुपचंदभाऊंनी तेव्हा गावात नवीनच केबल सुरू केली होती. त्यांचं लग्नही नवीन होतं. भाऊ दिवसभर खांबांवर चढून वायरी ओढत आणि घरची सगळी कामं, म्हणजे फोन घेणं, तक्रारी ऐकणं आणि मला फिरवणं, रत्नावहिनी सांभाळत.

मला फिरवणं सोपं नव्हतं. दोन बोल्ट सैल करायचे, मला बोटभर सरकवायचं, खोलीत पळत जाऊन टीव्ही बघायचा, पुन्हा बाहेर यायचं. एका उपग्रहावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये नुसती खरखर लागे. एकदा वहिनींनी विचारलं, "अहो, या मधल्या जागेत काय असतं?"

"काही नसतं. खरखर असते," भाऊ म्हणाले.

"पण ती येते कुठून?"

भाऊंना उशीर होत होता. ते निघून गेले. वहिनी मात्र मला हळूहळू सरकवत बराच वेळ ती खरखर ऐकत उभ्या राहिल्या. मला त्या दिवशी वाटलं, या बाईला चित्रापेक्षा मधली जागाच जास्त आवडते.

ते माझे मानाचे दिवस होते. क्रिकेटचा सामना असला की गल्लीतली माणसं वर येऊन मला हात लावून जात. दसऱ्याला मला झेंडूची माळ पडे. मग घरोघरी ताटाएवढ्या छोट्या छत्र्या आल्या, केबल बंद पडली आणि रुपचंदभाऊ जळगावच्या पाइप कारखान्यात कामाला लागले. माझ्यावर गिलक्याचा वेल चढला. उन्हाळ्यात माझ्या कडेला कुरडयांची फडकी बांधत. खाली गल्लीत भंगारवाल्याची हाक आली की मी जाळीच्या टोकापर्यंत थरथरत असे. भाऊ दोनदा म्हणाले होते, "उगाच जागा अडवली आहे तिने." दोन्ही वेळा वहिनी म्हणाल्या, "राहू द्या."

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी वहिनी कोयता घेऊन वर आल्या आणि त्यांनी माझ्यावरचा वेल तोडला. मला वाटलं, आता माझी पाळी. पण त्यांनी मला पाण्याने धुतलं, फाटलेली जाळी तारेने शिवली आणि माझ्या तोंडाशी एक तुपाचा रिकामा डबा बसवला. डब्यात तांब्याची बोटभर तार होती. तारेतून एक वायर निघून खोलीतल्या जुन्या लॅपटॉपला जोडली होती.

हे सगळं त्या फोनवरून शिकल्या होत्या. धुळ्याला मोहिनी मॅडम म्हणून भौतिकशास्त्राच्या शिक्षिका आहेत. आभाळाकडे कान लावून बसणाऱ्या हौशी लोकांचा त्यांनी एक गट जमवला होता. गटात वीस-बावीस माणसं. सगळी आपापल्या घरून, आपापल्या वेळात काम करणारी. पृथ्वीच्या बाहेर कुठे कोणी आहे का, याचा शोध घेणाऱ्यांना आपलाही थोडा हातभार लागावा, एवढीच त्यांची इच्छा.

मॅडमनी फोनवर वहिनींना सांगितलं होतं, "आकाशात सगळीकडे हायड्रोजन आहे आणि त्याची एक ठरलेली लहर येते. दूरच्या कोणाला आपल्याला हाक मारायची असेल तर ते त्या लहरीच्या आसपास मारतील, असं शास्त्रज्ञांना वाटतं. पण रत्नाताई, तुमच्या छत्रीला काही सापडण्याची शक्यता जवळजवळ नाहीच, हे आधीच सांगते."

"चालेल," वहिनी म्हणाल्या. "सकाळी नऊ ते एक मी मोकळी असते."

तेव्हापासून आमचं रोजचं काम सुरू झालं. याला अंधार लागत नाही, मित्रांनो. लख्ख उन्हातही ती लहर येत असते. भाऊ कारखान्यात गेले की वहिनी वर येत, मला ठरलेल्या उंचीला लावत आणि लॅपटॉपसमोर बसत. पृथ्वी फिरत जाई, आभाळ माझ्यासमोरून सरकत जाई. कधी मोटारसायकलची ठिणगी ऐकू येई, कधी कोणाचा मोबाइल. वहिनी वहीत लिहीत, "हा आपला. हाही आपला." आणि एके दिवशी आकाशगंगा माझ्यासमोरून गेली, तेव्हा पडद्यावरची सरळ रेघ मधेच टेकडीसारखी वर उचलली गेली. वहिनी खुर्चीतून उठल्या, बाहेर आल्या आणि नुसत्या माझ्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. तोवरच्या वर्षांत मी इतकं काही केलं, पण असं कोणी मला कधी धरलं नव्हतं.

गेल्या वर्षी श्रावणात मात्र आमच्यावर काळजीचे दिवस आले.

आमच्या घराच्या मागेच सुकदेव नानांचं केळीचं शेत आहे. नाना धुळ्याकडचे, पुष्कळ वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेले. तापट, पण कष्टाळू माणूस. त्या वर्षी त्यांच्या केळीवर हरण्या रोग पडला. पानांवर पिवळे पट्टे उमटले, मधले कोवळे पोंगे सडायला लागले. कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की हे सगळं गच्चीवरच्या छत्रीमुळे होतंय. एका सकाळी ते तावातावाने जिना चढून वर आले.

"रत्ना, तुनी हाई छत्री मना केळीवर काय सोडस?"

"नाना, ही काही सोडत नाही. ही फक्त घेते."

"येनावर टीव्ही दिसस का?"

"नाही."

"मंग काय दिसस?"

"दिसत काही नाही. ऐकू येतं."

"काय ऐकू येस?"

वहिनी म्हणाल्या, "अजून काही नाही."

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी जाळी आक्रसली. "मनी बठ्ठी केळी पिवळी पडी राह्यनी आणि तू आभायमा कान लायी बठनी! पोळाना आधी हाई खाले उतार. नही तं मी गडी लई येसू नि उतारी टाकसू."

पोळ्याला सतरा दिवस होते. मी रोज मोजत होते. संध्याकाळी रुपचंदभाऊ म्हणाले, "अगं, शेजारी माणूस आहे. भांडण कशाला? उतरवून टाकू." पण दुसऱ्या दिवशी नवाच्या ठोक्याला वहिनी वर हजर होत्या.

आणि नेमका त्याच आठवड्यात तो आवाज आला.

मंगळवार होता. सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी पडद्यावर एकदम टोकदार रेघांची रांग उभी राहिली. एका मापाच्या, एका अंतरावरच्या. वहिनींनी मोजलं. सेकंदाला बरोबर शंभर ठोके. एक कमी नाही, एक जास्त नाही. पाऊण तासाने वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, पण आवाज थांबला. बुधवारी पुन्हा तेच, नऊ चाळीसला. गुरुवारीही.

मित्रांनो, त्या तीन दिवसांत वहिनींचं काय झालं ते मी पाहिलं आहे. त्यांनी डब्यातली भाकरी तशीच परत नेली. त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "इतकं नेमकं? आपोआप इतकं नेमकं काय असतं?" एकीकडे त्यांना वाटत होतं की हे खरंच कोणीतरी असावं, आणि दुसरीकडे खरंच कोणी असलं तर काय करायचं, याचीच त्यांना धास्ती होती. भाऊंना त्यांनी सांगितलं नाही. मला मात्र एकच चिंता होती. पोळा जवळ येत होता. आवाज खरा असेल आणि मलाच खाली उतरवलं तर?

गुरुवारी दुपारी त्यांनी मोहिनी मॅडमना फोन लावला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"छत्री दुसरीकडे वळवून पाहिली का?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"का?"

"भीती वाटली. पुन्हा सापडला नाही तर?"

मॅडम मायेने म्हणाल्या, "रत्नाताई, उद्या वळवा. खरा असेल तर तो कुठे जाणार नाही."

शुक्रवारी नऊ चाळीसला ठोके सुरू झाले. वहिनींनी बोल्ट सैल केले, डोळे मिटले आणि मला पूर्वेकडे वळवलं. ठोके चालूच होते. पश्चिमेला वळवलं, तरी चालू. मग मला अगदी खाली वाकवून नानांच्या शेताकडे तोंड केलं, तर पडदा भरून गेला.

वहिनी जिन्याच्या पायरीवर बसल्या. आभाळातून काही येत नव्हतं. जे होतं ते इथलंच होतं.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला शंभर ऐकूनच शंका आली होती. आपली वीज सेकंदाला पन्नास फेऱ्या करते. प्रत्येक फेरीत दोन ठिणग्या पडल्या की शंभर ठोके होतात. कुठेतरी उघड्या तारेतून ठिणगी उडते आहे. ताई, वाईट वाटून घेऊ नका."

"नाही वाटत," वहिनी म्हणाल्या. पण आवाज बारीक झाला होता. "मग वहीत लिहिते, आपलाच होता."

"एवढ्यावर सोडू नका. आपला म्हणजे नेमका कोणाचा, ते बघा. ठिणगी उडते तिथे माणसं वावरत असतील."

वहिनींनी खाली जाऊन सासऱ्यांचा जुना ट्रान्झिस्टर आणला. कोणतंही स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवला आणि आवाज मोठा केला. त्यातून घर्रर्र असा आवाज येत होता. तो कानाशी धरून त्या बांधावरून चालायला लागल्या. मी वरून पाहत होते. त्या डावीकडे गेल्या की घरघर कमी होई, उजवीकडे वळल्या की वाढे. असं करत करत त्या नानांच्या विहिरीजवळच्या पत्र्याच्या शेडपाशी पोचल्या. तिथे ट्रान्झिस्टर नुसता किंचाळत होता.

त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती, म्हणून नानांची विहिरीवरची मोटार रोज चालू होती. मोटारीला ऑटो स्विच होता. शेतीची वीज आली की मोटार आपोआप सुरू व्हायची. त्या आठवड्यात वीज नऊ चाळीसला येत होती. स्टार्टरपासून विहिरीकडे जाणारी वायर शेडच्या पत्र्याच्या कडेवरून गेली होती. वाऱ्याने ती पत्र्यावर घासत राहिली होती. शेडचा लोखंडी खांब हौदाच्या शेजारी चिखलात रोवलेला. आणि त्या हौदावर, अनवाणी पायांनी, नानांच्या पत्नी सुंदरबाई धुणं धूत उभ्या होत्या. पिळलेलं लुगडं वाळत घालायला त्या खांबाकडेच निघाल्या होत्या.

"अक्का!" वहिनी ओरडल्या. मी त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. "तिथंच थांबा! खांबाला हात लावू नका!"

सुंदरबाई दचकून थांबल्या. केळीतून नाना धावत आले.

"काय व्हयनं? मना खांबले काय झाये?"

"नाना, तुमची वायर पत्र्याला घासते आहे. खांबात करंट उतरतो आहे. आधी मोटार बंद करा."

नाना भडकले. "तुनी छत्री उतार सांगं तं आते मनी मोटार बंद करावाले उनी का? दोन घंटा लाइन ऱ्हास. केळी मरी ऱ्हायनी मनी!" आणि ते तरातरा खांबाकडे निघाले. "काय करंट शे? हाई देख, हात लायी दखाडस."

मित्रांनो, मी गच्चीवर बांधलेली. मला हात नाहीत, आवाज नाही. मी नुसती पाहत होते.

वहिनींनी ट्रान्झिस्टर टाकला आणि नानांची बाही दोन्ही हातांनी धरली. "नाना, मी छत्री उतरवते! उद्याच उतरवते. परत कधी लावणार नाही. पण आज माझं ऐका. वाळलेल्या काठीने बटण दाबा. एवढंच करा."

नाना थबकले. इतक्यात सुंदरबाई हळू आवाजात म्हणाल्या, "आवो, परवापासून मना हातले मुंग्या येतस. खांबले लागनी का येतस. मी समजनू, अशक्तपना शे."

नानांचा चेहरा उतरला. त्यांनी आधी बायकोकडे, मग तिच्या चिखलातल्या उघड्या पायांकडे पाहिलं. वळून त्यांनी केळीला टेकू दिलेला एक वाळका बांबू ओढला आणि लांबूनच स्टार्टरचं लाल बटण दाबलं. मोटार थांबली. जमिनीवर पडलेला ट्रान्झिस्टर त्याच क्षणी गप्प झाला.

तिघंही त्या गप्प ट्रान्झिस्टरकडे बघत उभे राहिले.

दुपारी रुपचंदभाऊ आले. मेन स्विच काढून त्यांनी ती वायर खाली घेतली. दोन ठिकाणी तांबं उघडं पडलं होतं आणि पत्र्याची कड काळी जळली होती. भाऊंनी आयुष्यभर वायरी ओढल्या होत्या, तरी त्यांना घाम फुटला. ते एवढंच म्हणाले, "एक पाऊस आला असता ना नाना, तर..." त्याच संध्याकाळी प्लास्टिकच्या पाइपातून नवी वायर गेली.

आणि दुसऱ्या दिवशी वहिनी पाना घेऊन वर आल्या.

"राहू दे गं," भाऊ म्हणाले. "नाना आता काही म्हणायचे नाहीत."

"मी शब्द दिला आहे."

त्यांनी एकेक बोल्ट काढला. तुपाचा डबा पुसून कापडात गुंडाळला. पाकळ्या सुट्या झाल्या आणि जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेत भिंतीला टेकून ठेवल्या गेल्या. शेजारी गंज लागलेलं जुनं घमेलं आणि एक मोडकी सायकल. गल्लीतून भंगारवाल्याची हाक सकाळ-दुपार ऐकू येत होती. आता तर मी जमिनीवरच होते. त्याने हात घातला तरी सापडले असते. पोळा आला आणि गेला. बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकला, पण दिसलं काही नाही. वहिनी नऊ वाजता सवयीने जिन्यापर्यंत येत, दोन पायऱ्या चढत आणि परत फिरत.

पोळ्यानंतर सात-आठ दिवसांनी नाना आले. ते अंगणातच उभे राहिले, टोपी हातात घेऊन.

"रत्ना, शेतकी खाताना सायेब इसन ग्या. हरण्या माव्यानी येस, सांगे. माव्यानी म्हंजे बारीक किडा. तुनी छत्रीना काही दोस नही शे." त्यांनी जिन्याखाली टेकलेल्या माझ्या पाकळ्यांकडे पाहिलं. "परत चढाव गच्चीवर. मी काही म्हननार नही."

मला वाटलं, वहिनी लगेच पाना शोधायला धावतील. पण त्या तिथेच उभ्या राहिल्या आणि जरा चाचरत म्हणाल्या, "नाना, गच्चीवर फार गडबड असते. गाड्या, मिक्सर, मोबाइल. तुमच्या शेतात शांत आहे. कोपऱ्यात आठ फूट जागा द्याल का?"

माझा जीव टांगणीला लागला. ज्या माणसाला माझी सावलीही नको होती, त्याच्याकडे ही बाई जागा मागत होती! नानांनी वळून आपल्या शेताकडे पाहिलं. मग म्हणाले, "हरण्यानी चार ओळी उपटेल शेतस. ती जागा खालीच शे. तठे लाव."

त्या जागेत मी आता उभी आहे. खांबाला सिमेंटचा पाया आहे, तो नानांनी स्वतः घातला. चारही बाजूंनी नवीन केळी उंच झाली आहे. इथे खरंच शांत आहे. आकाशगंगेची टेकडी पूर्वीपेक्षा ठळक उमटते. भीती मात्र गेलेली नाही. वैशाखातल्या वावटळीत केळीचे घड आडवे होतात तेव्हा मीही जीव मुठीत धरून बसते. वहिनींनाही काळजी असतेच. आता त्यांना प्रत्येक आवाजात आधी ठिणगी ऐकू येते, आणि खरा आवाज आला तर आपण तोही ठिणगी समजून सोडून देऊ की काय, असं त्यांना वाटत राहतं. मोहिनी मॅडम म्हणतात, असं वाटणं चांगलं.

आजवर बाहेरून कोणाचा आवाज आलेला नाही.

परवा सुंदरबाई भाकरी घेऊन आल्या होत्या. वहिनींनी त्यांच्या कानाला हेडफोन लावला. त्या मान वाकडी करून खूप वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "रत्ना, तठे बी कोनी बाई व्हई का व?"

"माहीत नाही, अक्का."

"व्हई तं तिना घरना लोके बी तिले येडी म्हनत व्हतीन." आणि दोघी इतक्या हसल्या की जवळच्या केळीवरचे बगळे उडाले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूचं तुम्ही ऐकलंत, आता एक विनंती ऐका. तुमच्या घरी, शेतात, शाळेत एखादी वायर पत्र्यावर घासताना दिसली, खांबाला किंवा नळाला हात लागल्यावर मुंग्या आल्या, तर अशक्तपणा समजून गप्प बसू नका. मोठ्या माणसांना सांगा. त्यांनी ऐकलं नाही, रागावले, तरी पुन्हा सांगा. बाही धरून सांगा. आणि तुमच्या गच्चीवर माझी एखादी बहीण वेलाखाली उभी असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तिची जाळी एकदा धुऊन बघा. तिला अजून ऐकू येत असेल.